राष्ट्राध्यक्ष बदलला की न्यायालयाचा निकष बदलतो का? आरोप तपासण्याची रीत

अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय राष्ट्राध्यक्षाचा पक्ष बघून त्याच्या अधिकारांचे माप ठरवते, असा आरोप तिथे आळीपाळीने दोन्ही पक्ष करतात. पुरावा म्हणून बहुतेक वेळा दोन निकाल शेजारी मांडले जातात. बायडेन यांची सुमारे ४३० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जमाफी ३० जून २०२३ रोजी ६-३ ने रद्द झाली आणि १ जुलै २०२४ रोजी ट्रम्प यांना ६-३ नेच फौजदारी खटल्यांपासून मोठे संरक्षण मिळाले. चित्र ठसठशीत दिसते, पण पहिल्या खटल्यात वाद २००३ च्या एका कायद्याच्या शब्दांवर होता आणि दुसऱ्यात थेट राज्यघटनेवर. अशा जोडीवरून दुटप्पीपणा सिद्धही होत नाही आणि खोडलाही जात नाही.

जोडी कशी निवडायची

तीन गोष्टी सारख्या हव्यात: कायद्याचा प्रश्न, खटल्याचा टप्पा आणि सरकारने मागितलेली दाद. राष्ट्राध्यक्ष तेवढा वेगळा हवा. इतकी जुळणारी प्रकरणे फार नाहीत, म्हणून जी आहेत ती नीट वाचावीत.

सर्वांत उपयोगी उदाहरण ‘मेक्सिकोतच थांबा’ या धोरणाचे. आश्रय मागणाऱ्यांनी सुनावणी होईपर्यंत सीमेपलीकडे राहायचे, हे धोरण ट्रम्प यांनी २०१९ मध्ये लागू केले. खालच्या न्यायालयाने ते अडवले, तेव्हा ११ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि धोरण चालू राहिले. बायडेन यांनी ते बंद केले. टेक्सास आणि मिझुरी ही राज्ये न्यायालयात गेली, जिल्हा न्यायाधीशांनी धोरण पुन्हा सुरू करा असा हुकूम दिला. या वेळी स्थगिती मागायला बायडेन यांचे सरकार आले, आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी ती नाकारली गेली. पुढे ३० जून २०२२ रोजी अंतिम निकालात ५-४ ने बायडेन जिंकले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ हे दोन पुराणमतवादी तीन उदारमतवादी न्यायमूर्तींच्या बाजूला होते.

एकच धोरण, तीन आदेश. अंतिम निकालापुरते पाहिले तर पक्षपाताचा आरोप ढिला पडतो. अंतिम निकालाआधीच्या, तातडीच्या टप्प्यावर मात्र एकाला मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही, आणि मधले दहा महिने सरकारला नको असलेले धोरण राबवायच्या हुकमाखाली राहावे लागले. परक्या देशाशी बोलणी करायला लावणारा हुकूम हा साध्या मनाईपेक्षा सरकारवर जास्त भार टाकतो, त्यामुळे इथला संशय आमच्या मते वाजवी आहे.

पण २०२१ चा तो छोटा आदेश उघडून पाहा. त्यात आधार दिला आहे २०२० च्या ‘डाका’ निकालाचा, म्हणजे लहानपणी अमेरिकेत आणलेल्या स्थलांतरितांना संरक्षण देणारी ‘डाका’ योजना ट्रम्प यांनी पुरेशी कारणे न देता गुंडाळली म्हणून त्यांच्या विरोधात ५-४ ने गेलेल्या निकालाचा. निकष तोच (धोरण बंद करताना पुरेशी कारणे दिली का), फक्त उलट दिशेने लावलेला. मग ताळा दोन्हीकडे घ्यावा लागतो. २०२० मध्ये त्या निकषाला विरोध करणाऱ्या चौघांपैकी कोणीही २०२१ मध्ये विरोध नोंदवला नाही. आणि २०२० मध्ये तो मान्य करणाऱ्यांपैकी ब्रायर, सोटोमायोर आणि केगन २०२१ मध्ये स्थगिती द्यायला तयार होते.

टप्पा आधी ओळखा

बहुतेक चुका इथे होतात. खटल्याच्या क्रमांकात ‘ए’ हे अक्षर असेल (वरचा २०२१ चा अर्ज २१ए२१ होता), तर तो तातडीचा अर्ज. नुसती रेघ असेल (कर्जमाफी: २२-५०६), तर नेहमीचा खटला; न्यायालयाने तो ऐकायला घेतला तर सहसा तोंडी युक्तिवाद होऊन सविस्तर निकालपत्र येते. तातडीच्या अर्जांवरचे आदेश अनेकदा सहीविना आणि कारणांविना निघतात. ‘न्यायालयाने परवानगी दिली’ असा मथळा दिसला की इतकेच समजावे की खालचा मनाई हुकूम तूर्त थांबला. धोरण कायदेशीर ठरले, असा त्याचा अर्थ नाही.

मतांच्या नोंदीतही सापळा आहे. तातडीच्या आदेशात ज्यांनी स्वतःहून विरोध नोंदवला त्यांचीच नावे कळतात. बाकीचे सगळे बहुमतात होतेच असे धरता येत नाही. आपल्या नोंदीत तिथे ‘नोंद नाही’ असेच लिहावे. ‘चौघांपैकी कोणीही विरोध नोंदवला नाही’ असे वर म्हटले आहे, ‘चौघांनी पाठिंबा दिला’ असे नाही, ते याचमुळे.

नोंदवही

साध्या तक्त्यात प्रत्येक आदेशाला एक ओळ. रकाने असे: क्रमांक, तारीख, राष्ट्राध्यक्ष, टप्पा, कायद्याचा प्रश्न, खालच्या न्यायालयाने काय केले होते, नऊ न्यायमूर्तींचे नऊ रकाने आणि शेवटी दिलेले कारण एका वाक्यात. कायद्याच्या प्रश्नाचे प्रकार चार ठेवले तरी पुरतात: दाद मागण्याचा हक्क, कायद्याचा अर्थ, निर्णयप्रक्रियेतील दोष, राज्यघटना. आदेश आणि निकालपत्रे न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बातमीवरून तक्ता भरू नका. भिन्नमताची (निकाल न पटलेल्या न्यायमूर्तींनी लिहिलेल्या मताची) दोन पाने वाचली तरी खरा वाद कशावर होता ते कळते.

न्यायमूर्तींचे रकाने वेगळे ठेवायचे कारण म्हणजे न्यायालय ही एक व्यक्ती नाही. नऊपैकी सहाजण प्रामाणिकपणे सुसंगत असूनही मधल्या दोघांच्या सरकण्याने निकाल दुटप्पी दिसू शकतो.

नियुक्ती कोणी केली, यावर किती भर द्यावा

कमी. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद गिरण्या सरकारी ताब्यात घेतल्याबद्दलच्या १९५२ च्या खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले होते, तरी निकाल ६-३ ने ट्रुमन यांच्या विरोधात गेला. २९ ऑगस्ट २०२५ रोजी फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने ट्रम्प यांच्या आयातशुल्काविरुद्ध ७-४ असा निकाल दिला, तेव्हा सरकारच्या बाजूने मत देणाऱ्या चौघांत दोघे बुश यांनी नेमलेले होते आणि दोघे ओबामा यांनी.

ताळा घेण्यासाठी उलटी जोडी

राष्ट्राध्यक्ष एकच आणि कायदा वेगळा, अशीही जोडी तपासावी. १३ जानेवारी २०२२ रोजी एकाच दिवशी, एकाच टप्प्यावर, बायडेन यांचे लसीकरणाचे दोन नियम समोर होते. सुमारे ८.४ कोटी कामगारांसाठीचा ‘लस घ्या किंवा चाचणी करा’ नियम ६-३ ने अडला. सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांतील कर्मचाऱ्यांचा नियम ५-४ ने टिकला. दोन्हीकडे वेगळे मत देणारे होते रॉबर्ट्स आणि कॅव्हनॉ. त्यांच्यापुरता कायद्याच्या मजकुराला वजन आहे, असे यावरून म्हणता येते. उरलेल्या सातांबद्दल ही जोडी काही सांगत नाही.

न दिलेले निर्णय

तक्त्यात न येणाऱ्या गोष्टींतच कधीकधी खरा मुद्दा असतो. एका जिल्हा न्यायाधीशाने देशभर लागू होणारा मनाई हुकूम द्यावा का, हा प्रश्न बायडेन यांच्या काळातही वारंवार उठला. जानेवारी २०२५ मध्ये एका प्रकरणात तो आत्ताच सोडवू या, असे न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिले. न्यायालयाने तेव्हा तो घेतला नाही. पाच महिन्यांनी, २७ जून २०२५ रोजी, जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणाऱ्या ट्रम्प यांच्या आदेशाच्या प्रकरणात ट्रम्प यांच्या बाजूने ६-३ ने तो सुटला. गॉर्सच यांच्यावर दुटप्पीपणाचा ठपका बसत नाही, कारण ते २०२० पासून हेच म्हणत होते. केगन यांनी २०२२ मध्ये अशा हुकुमांवर जाहीर टीका केली होती आणि २०२५ मध्ये त्या भिन्नमतात होत्या; त्यांची बाजू तपासताना ट्रम्प यांचा तो आदेश किती टोकाचा होता हेही नोंदवावे लागेल. प्रश्न उरतो तो मुहूर्ताचा, आणि तो न्यायालयाला विचारायचा आहे.

दुसरी झाकली जाणारी बाब म्हणजे कोणती प्रकरणे वर न्यायची हे सरकार ठरवते. बुश आणि ओबामा यांच्या १६ वर्षांत मिळून असे तातडीचे अर्ज ८ होते; ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत ४१. जिंकण्याची टक्केवारी काढताना, हरण्याची खात्री असलेली प्रकरणे वर गेलीच नाहीत हे विसरले की आकडा फुगतो.

स्वतःची चाचणी

आदेश वाचण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षाचे नाव झाकून फक्त कायद्याचा प्रश्न आणि टप्पा एखाद्या मित्राकडून लिहून घ्या, आणि निकाल काय असावा ते नोंदवा. मग नाव उघडा. नाव कळल्यावर आपले मत बदलू लागले, तर तक्त्यातल्या त्या ओळीवर खूण करून ती निष्कर्षातून वगळा.

निष्कर्ष लिहिताना वाक्य अरुंद ठेवा: अमुक न्यायमूर्तींनी, अमुक टप्प्यावर, अमुक प्रश्नावर, दोन राष्ट्राध्यक्षांना वेगळे निकष लावले आणि फरकाचे कारण दिले नाही. यातला शेवटचा भाग भरता येत नसेल, तर दिलेले कारण पुन्हा वाचा.