तासिकेत आयसीटी: कुठे लावायचं, कधी बंद करायचं

प्रोजेक्टर लावायचं आधी ठरवलं आणि त्यावर काय दाखवायचं ते नंतर शोधलं, की तासिका हमखास फसते. टाचण काढताना पहिल्या ओळीत लिहा: या धड्यात मुलं नेमकी कुठे अडतात? अडचण तीनपैकी एका प्रकारची असेल तरच माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाकडे (आयसीटीकडे) वळा. एक, गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, जसं तारेतली विद्युतधारा. दोन, ती पुन्हा पुन्हा बदलून पाहावी लागते, जसं समीकरणातला एक आकडा बदलल्यावर आलेखाचा चढ कसा हलतो ते; यासाठी जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उत्तम. तीन, सगळ्या वर्गाचं उत्तर एकाच वेळी कळायला हवं.

बाकी ठिकाणी फळाच बरा. गणिताची उकल तर फळ्यावरच करावी. तिथे आधीच्या पायऱ्या डोळ्यांसमोर राहतात आणि खडूचा वेग मुलांच्या पेन्सिलीच्या वेगाशी जुळतो. स्लाइडवर तीच उकल एका टिचकीत येते आणि दुसऱ्या टिचकीत जाते.

एक तासिका, मिनिटांच्या हिशेबाने

विद्युत परिपथाचा धडा घेऊ. इथली अडचण ठरलेली आहे: बल्बमधून जाताना विद्युतधारा ‘खर्च होते’ असं बहुतेक मुलांना वाटतं. हे नुसतं सांगून जात नाही.

पहिली ५ मिनिटं पडदा बंद. फळ्यावर एक बॅटरी, एक बल्ब आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक अँमीटर (विद्युतधारा मोजणारं यंत्र) काढा. विचारा: दुसऱ्या अँमीटरवरचा आकडा पहिल्यापेक्षा कमी, तेवढाच, की जास्त? प्रत्येकाने अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. तोंडी अंदाजावर भागवू नका. पडद्यावर उत्तर दिसलं की ‘मला तेच म्हणायचं होतं’ म्हणणारे हात भराभर वर येतात, आणि चूक कुणाची होती हे कुणालाच कळत नाही, अगदी त्या मुलालाही.

मग सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, उघडा. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात डीसी परिपथ जोडण्याचा संच मोफत मिळतो. बॅटरी ९ व्होल्ट आणि बल्ब १० ओहमचा ठेवा. दोन्ही अँमीटर ०.९ अँपिअर दाखवतील. इथे थांबा. समजावून सांगायची घाई करू नका, मुलांना आधी आपापल्या वहीतला अंदाज पाहू द्या.

त्यानंतर दुसरा १० ओहमचा बल्ब एकसरीत, म्हणजे पहिल्याच्या पुढे त्याच वाटेत, जोडायचा आहे असं सांगा आणि जोडण्याआधी पुन्हा अंदाज लिहून घ्या. आकडा सगळीकडे ०.४५ होतो आणि दोन्ही बल्ब सारखेच मंद होतात. तेच दोन बल्ब समांतर, म्हणजे वेगवेगळ्या वाटांवर, जोडले तर प्रत्येकातून ०.९ आणि बॅटरीतून १.८ अँपिअर. अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण अशा या तीन फेऱ्यांना (एक बल्ब, एकसरी, समांतर) साधारण २० मिनिटं लागतात. चौथी फेरी कोंबू नका.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन दाखवायचे की विद्युतधारेची रूढ दिशा, हा पर्याय असतो. पुस्तकात बाण धनाग्राकडून ऋणाग्राकडे आणि पडद्यावर ठिपके उलट्या दिशेने, असं झालं की उरलेला वेळ त्याच शंकेत जातो. म्हणून रूढ दिशा आधीच निवडून ठेवा. दुसरं, पडद्यावरचा बल्ब आदर्श असतो. खऱ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध कमी असतो, त्यामुळे दोन खरे बल्ब एकसरीत जोडल्यावर धारा बरोबर निम्मी होत नाही, थोडी जास्त भरते. साहित्य असेल तर सिम्युलेशननंतर खरा परिपथ जोडाच, आणि हा फरक आपणहून दाखवा. नाहीतर ‘प्रयोग चुकला’ असं मुलं ठरवून टाकतात.

शेवटची १० मिनिटं पुन्हा पडदा बंद. पॉवरपॉइंट चालू असेल तर कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो. इतर वेळी प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं ‘ब्लँक’ किंवा ‘एव्ही म्यूट’. चित्र समोर असताना मुलं लिहीत नाहीत, बघत बसतात. हे बटण चालू करण्याच्या बटणाइतकंच हाताशी असावं.

टॅब किंवा संगणक मुलांच्या हाती द्यायचे असतील तर एका यंत्रामागे दोघं, फार तर तिघं. एक चालवणार, दुसरा नोंदी घेणार, दर ५ मिनिटांनी अदलाबदल. गटात चौथा आला की तो हमखास खिडकीबाहेर पाहतो. सुरुवातीची ३ मिनिटं मनासारखं खेळू द्या. ती दिली नाहीत तर मुलं ती तुमच्या बोलण्यातून काढून घेतात.

सगळ्यांचं उत्तर एकदम

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१पासून वापरलेली पद्धत शाळेतही चालते. बहुपर्यायी प्रश्न द्या, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचं. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तर उत्तर जाहीर न करता शेजाऱ्याशी २ मिनिटं चर्चा करू द्या आणि पुन्हा मत घ्या. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर चर्चेत चुकीचंच पसरतं, तेव्हा संकल्पना पुन्हा शिकवा. ७०च्या वर असेल तर थोडक्यात सांगून पुढे जा.

यासाठी प्रत्येकाकडे फोन असण्याची गरज नाही. प्लिकर्स या अ‍ॅपची कागदी कार्डं असली की शिक्षकाचा एक फोन पुरतो: मूल कार्ड फिरवून हवं ते अक्षर वर धरतं आणि फोनचा कॅमेरा सगळी कार्डं वाचतो. कार्डं जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. त्यावर उजेड चमकला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. बोटं काळ्या नक्षीवर येऊ नयेत हेही एकदा करून दाखवा. यादीत मुलांच्या पूर्ण नावांऐवजी हजेरी क्रमांक टाका.

शेवटच्या बाकावरून

मजकूर वाचायचा असेल तर सगळ्यात मागचं मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावं. ६५ इंची टीव्हीची उंची साधारण ८१ सेंटिमीटर, म्हणजे त्यावरचा मजकूर ४.९ मीटरपर्यंतच नीट वाचता येतो. वर्ग ८ मीटर खोल असेल तर चित्र १.३३ मीटर उंच आणि १६:९ प्रमाणात सुमारे २.४ मीटर रुंद हवं.

देवनागरीला रोमन लिपीपेक्षा जास्त जागा लागते, कारण अर्थ बदलणाऱ्या खुणा अक्षराच्या वर आणि खाली असतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ मागून सारखेच दिसतात, अनुस्वार तर उडूनच जातो. टंकाचा आकार ३२ पॉइंटच्या खाली नको, दोन ओळींत अंतर दीडपट, एका स्लाइडवर सहाच्या आत ओळी. आणि त्या ओळी मोठ्याने वाचून दाखवू नका: मूल वाचत असताना तेच शब्द कानांवर पडले की दोन्हीकडचं लक्ष तुटतं.

चित्र तिरकं आलं तर ‘कीस्टोन’ने (प्रोजेक्टरमधल्या तिरपेपणा घालवणाऱ्या सोयीने) ओढून सरळ करण्याआधी प्रोजेक्टरच सरळ ठेवून पाहा, कारण कीस्टोनने अक्षरांची धार जाते. सगळे दिवे घालवू नका. पडद्याजवळची रांग बंद करा, मागची चालू ठेवा, लिहायला उजेड लागतो.

आदल्या दिवशी

४० यंत्रांवर एकाच वेळी ७२०पी व्हिडिओ लावायचा तर प्रत्येकी अडीच एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग धरून १०० एमबीपीएस लागतात. वाय-फाय इथेच कोलमडतं, आणि ते कोलमडायला हमखास तुमचीच तासिका निवडतं. म्हणून व्हिडिओ रीतसर उतरवून घेता येत असेल तर एमपी४ स्वरूपात लॅपटॉपवर ठेवा आणि नेमकी हवी ती २-३ मिनिटंच दाखवा, मधे एक थांबा ठरवून. फेटची एचटीएमएल५ सिम्युलेशन उतरवून इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. संपूर्ण वर्गाला साहित्य वाटायचं असेल तर कोलिब्रीसारखी इंटरनेटशिवाय शिकण्याची प्रणाली शिक्षकाच्या लॅपटॉपवर चालते आणि साध्या राउटरवरून, इंटरनेट नसतानाही, टॅबपर्यंत पोचते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, टाइप करा. जुन्या टंकातली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की गिचमीड अक्षरं येतात. स्लाइडची पीडीएफ प्रत सोबत ठेवली की ही भीतीही जाते.

एचडीएमआय जोडल्यावर आवाज गेला, तर तो बहुधा प्रोजेक्टरकडे वळलेला असतो. ध्वनीच्या चिन्हावर जाऊन स्पीकर पुन्हा निवडा. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, त्याची वेगळी तार लागते. चित्र दिसलं नाही तर विंडोज आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. स्वतःचा फोन पडद्यावर दाखवणार असाल तर आधी सूचना बंद करा. घरचा निरोप वर्गाने वाचायची गरज नाही.

तासिका सुटण्याआधी कागदावर एक प्रश्न द्या, पडद्यावर न आलेल्या रूपात: तीन बल्ब एकसरीत, चार अँमीटर, आकडे लिहा. पाव वर्गाने अजूनही उतरते आकडे लिहिले असतील तर तेच सिम्युलेशन पुन्हा लावून फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या हाती सेल, तारा आणि बल्ब द्या आणि प्रोजेक्टर कपाटातच राहू द्या.