खाचेतला रंग लाकडात फुटू नये म्हणून

लाकडात खाच कोरून रंगीत इपॉक्सी रेझिन (दोन द्रव मिसळले की कडक होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) भरलं आणि रंग कडेच्या रेषांत पसरला, की फार जीव हळहळतो. फिकट लाकडावर निळा रंग तर टीपकागदावर शाई फुटावी तसा दिसतो. म्हणून आधी बिनरंगी रेझिनचा पातळ हात ब्रशने खाचेच्या तळाला आणि कडांना द्या. लाकडाची छिद्रं बुजतात, आतल्या हवेचे बुडबुडेही कमी येतात. हा थर चिकट लागतो पण बोटाला येत नाही, अशा वेळी रंगीत रेझिन ओता. दोन्ही एकजीव होतात. पहिला थर पार कडक झाला असेल, तर आधी हलका पॉलिश पेपर मारा. खाच किंचित फुगीर भरा, म्हणजे नंतर घासून सपाट करता येते. घासायची घाई मात्र नको: कच्चं रेझिन पेपरला चिकटतं आणि रंगीत भुकटी लाकडाच्या रेषांत जाऊन बसते.