जीएसटीची छाननी: सांगलीत नव्याने रुजू झालेल्या राज्यकर निरीक्षकांसाठी

पहिल्या आठवड्यात स्क्रीनवर विवरणपत्रांतल्या ढीगभर तफावती दिसतात आणि सगळेच व्यापारी चोर वाटू लागतात. तसं नसतं. बऱ्याच तफावती निव्वळ ढिसाळपणाच्या असतात आणि त्यातून खरी चोरी वेगळी काढणं हेच या टेबलावरचं काम. नोटिशीवर सही राज्यकर अधिकाऱ्याची, टिपण मात्र तुमचं.

जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं विवरणपत्र) पेक्षा ३बी (कर भरायचं विवरणपत्र) मध्ये कर कमी भरलेला दिसला, तर आधी क्रेडिट नोटा आणि मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्या बघा. मग घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, २बी शी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून आपोआप बनणाऱ्या यादीशी) ताडा. पुरवठादाराने जीएसटीआर-१ ची ११ तारीख चुकवली की त्याचं बिल पुढच्या २बी मध्ये जातं. म्हणून एकच महिना धरून बसू नका, वर्षाची बेरीज लावा. सरकारी ठेकेदारांचं सोपं आहे: सरकारी खात्याने बिलातून कापलेल्या २ टक्के जीएसटी टीडीएसची रक्कम ५० ने गुणा आणि दाखवलेल्या उलाढालीशेजारी ठेवा.

बोगस बिलं ई-वे बिलात (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या बिलात) सापडतात. राज्यांतर्गत ते १ लाखाच्या वर लागतं. हळद सांगलीहून पेठ नाकामार्गे पुण्याला गेली म्हणतात, तर ती गाडी तासवडे आणि आनेवाडी टोलवर फास्टॅगमध्ये दिसायला हवी. दहा टन माल दुचाकीच्या नंबरवर निघालेला असेल, तर प्रश्नच मिटला! पण नुसती टोलवर नोंद नाही म्हणून माल गेलाच नाही, असं लिहू नका. वाटेत गाडी बदलते, ई-वे बिलाचा भाग-ब (गाडीचा नंबर) भरायचा राहतो. वजनकाट्याची पावती आणि बँकेतले पैसेही बघा.

बेदाण्यात एक खबरदारी. शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर जीएसटी नाही. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये तेच स्पष्ट केलं. तेव्हा अडत्याच्या पट्टीवर मालाचा धनी कोण, ते आधी वाचा.

एएसएमटी-१० मध्ये (तफावतीचा खुलासा मागणाऱ्या नोटिशीत) ‘तफावत आढळते, खुलासा करावा’ एवढंच लिहिलं, तर उत्तरही तसंच मोघम येतं. ‘ऑगस्ट, ३बी चा तक्ता ४ए(५), जादा क्रेडिट ४२,३०० रुपये’ असं लिहा. कर सल्लागार स्वतःच वह्या घेऊन येतो. उत्तराला ३० दिवस असतात. तेव्हाच त्याला हिशेब समजावून सांगा: २०२४-२५ पासूनच्या काळासाठी, लबाडी नसेल तर कारणे दाखवा नोटिशीआधी किंवा ती निघाल्यापासून ६० दिवसांत कर आणि व्याज भरलं की दंड नाही. लबाडी असेल तर नोटिशीआधी १५ टक्के दंड, नंतरच्या ६० दिवसांत २५.

भरणा व्यापाऱ्याने स्वतः डीआरसी-०३ ने (स्वेच्छेने कर भरायच्या फॉर्मने) करायचा. झडतीच्या वेळी दुकानात बसून चेक लिहून घेतला, तर तो स्वेच्छेचा भरणा ठरत नाही आणि पुढे कोर्टात नेमका तोच मुद्दा उभा राहतो.