मांजराच्या उलट्या: दवाखान्यात नेण्यास उशीर करणाऱ्या या चुका टाळा

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागांत घरोघरी यंत्रमाग आहेत, आणि खळ लावलेले सूत असले की उंदीर येतात व उंदरांमुळे मांजर पाळले जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या भाटीने, म्हणजे मांजरीने, एका सकाळी दोन वेळा पिवळसर पाणी ओकले आणि ती कांड्यांच्या टोपलीमागे जाऊन बसली. घरातल्या सगळ्यांचे मत एकच पडले, की मांजर ओकतेच, चार काड्या गवत खाईल आणि बरी होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे तोंड उघडून पाहिले, तेव्हा जिभेच्या मुळाशी रेशमी धाग्याचा एक फेरा रुतून बसलेला दिसला. जिभेखालचे मांस त्याने कापले होते आणि उरलेला धागा पोटात गेला होता. शस्त्रक्रिया झाली, पण आतड्याला तोपर्यंत दोन ठिकाणी भोके पडली होती आणि ती वाचली नाही. त्या दीड दिवसात आमच्याकडून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक चुका आजूबाजूच्या घरांतही होताना मला दिसतात, म्हणून त्या येथे सविस्तर लिहीत आहे.

ओकणे आणि ओकल्यासारखे दिसणे

पहिली गल्लत येथेच होते. खऱ्या उलटीच्या आधी मांजर अस्वस्थ होते, ओठ चाटते, लाळ गिळते, आणि मग त्याचे पोट जोरजोरात आत-बाहेर होऊन आतले बाहेर पडते. खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात, पोटाला कसलाही जोर न देता, न पचलेले अन्न नळीच्या आकारात तसेच्या तसे बाहेर आले, तर तो दोष बहुधा अन्ननलिकेचा असतो किंवा मांजराने फार घाईने खाल्लेले असते. मान जमिनीसरशी पुढे ताणून मांजर खाकरल्यासारखा आवाज करते आणि शेवटी काहीच पडत नाही किंवा थोडा फेस पडतो, तेव्हा तो खोकला असण्याची शक्यता अधिक. दम्यासारखे विकार मांजरांनाही होतात. या तिन्हींची औषधे वेगवेगळी असल्यामुळे मोबाईलवर वीस-तीस सेकंदांचे चित्रीकरण करून ठेवावे. तोंडी वर्णनापेक्षा ते डॉक्टरांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडते.

केसांच्या गोळ्याबद्दलही असाच गैरसमज आहे. अंग चाटताना पोटात गेलेले केस अधूनमधून लांबट गुंडाळीच्या रूपाने बाहेर पडतात आणि मांजर लगेच पूर्ववत हिंडू लागते, तर काळजीचे कारण नाही. परंतु दर आठवड्याला असे होत असेल, किंवा प्रत्येक उलटीला ‘केसच असतील’ असे म्हटले जात असेल आणि ओकलेल्यात एकही केस दिसत नसेल, तर आपण स्वतःची समजूत घालत आहोत हे ओळखावे.

नजर उलटीवरच खिळणे

ओकलेल्या पदार्थाचा रंग आपण निरखून पाहतो, आणि मांजर दोन उलट्यांच्या मधल्या वेळेत काय करत आहे याकडे दुर्लक्ष करतो. माझ्या मते निर्णय त्या मधल्या वेळेवर घ्यावा. मोठे, एरवी निरोगी मांजर एक-दोनदा ओकले, पण हाक मारल्यावर येते, पाणी पिते, लघवी करते आणि काही तासांनी खायला मागते, तर चोवीस तास घरीच लक्ष ठेवायला हरकत नाही. तेच मांजर पलंगाखाली, कपाटामागे किंवा माळ्यावर जाऊन बसले, अंग चाटायचे थांबले, प्यालेले पाणीही ओकू लागले किंवा एका दिवसात तीन-चार वेळा ओकले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

हिरड्या पाहायला शिकून घ्यावे. वरचा ओठ हलकेच उचलला की निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर दिसते. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरडी चिकट लागत असेल तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. ती पांढरट, पिवळी, निळसर किंवा तपकिरी दिसत असेल तर ताबडतोब निघावे. उलटीत ताजे रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट पदार्थ दिसला, सोबत जुलाब सुरू झाले, पोटाला हात लावू देत नसेल किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तरी हेच लागू आहे. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू, गाभण भाटी आणि म्हातारे मांजर यांच्या बाबतीत चोवीस तासांची सवलतही घेऊ नये.

दोरा ओढून काढणे

आमच्या भागासाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. मागाचे सूत, शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, पतंगाचा मांजा, मिठाईच्या खोक्याची चमकी फीत, यांपैकी काहीही मांजर खेळता खेळता गिळते. जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असल्यामुळे तोंडात आलेला धागा त्याला थुंकता येत नाही. धाग्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते, दुसरे पुढे सरकत राहते, आणि परकराची नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडाव्यात तसे आतडे त्या धाग्यावर गोळा होते. मग तोच ताणलेला धागा आतडे आतून कापू लागतो.

म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून धाग्याचे टोक लोंबताना दिसले तरी ते ओढू नये. बाहेरचा फार लांब भाग कापण्याची वेळ आली तरी बोटभर टोक बाहेर राहू द्यावे आणि तसेच डॉक्टरांकडे जावे. ओकणाऱ्या मांजराचे तोंड उघडून जिभेखाली पाहणे ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे. एकाने मांजर टॉवेलात गुंडाळून धरावे आणि दुसऱ्याने खालच्या जबड्यामधल्या मऊ भागावर बाहेरून अंगठा वर दाबावा, म्हणजे जीभ उचलली जाते. आम्ही ते पहिल्या सकाळी केले असते तर धागा तेव्हाच दिसला असता. मात्र जिभेखाली काही दिसले नाही म्हणून धागा नाहीच, असे ठरवू नये. पोटातल्या धाग्यासाठी एक्स-रे आणि सोनोग्राफी लागते.

लंघन घडवणे

‘लंघनं परमौषधम्’ हे वचन आपल्या अंगवळणी पडलेले आहे आणि माणसाला एक दिवसाचा उपवास सहसा बाधत नाही. मांजराचे यकृत तसे नाही. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही, की शरीरातली चरबी यकृताकडे धाव घेते आणि तेथेच साठून यकृत निकामी करू लागते. मूळ विकार साधा असला तरी हा दुसरा विकार जीवघेणा ठरतो, आणि गुबगुबीत मांजरांना त्याचा धोका अधिक असतो. सतत ओकणाऱ्या मांजराला दोन-चार तास विश्रांती देऊन मग थोडे पाणी आणि चमचाभर उकडलेली, मीठमसाला नसलेली कोंबडी देणे योग्य. चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही, तर तेवढे एकच कारण दवाखान्यासाठी पुरेसे आहे. दूध देऊ नये, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. ड्रॉपरने जबरदस्तीने पाणीही पाजू नये. मळमळणाऱ्या मांजराच्या फुप्फुसात ते सहज जाते.

बोक्याच्या कुंथण्याला बद्धकोष्ठ समजणे

बोका ओकतो आहे आणि वारंवार मातीच्या घमेल्यात जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटतो. घरचे लोक त्याला एरंडेल पाजतात. पुष्कळ वेळा त्याची लघवी अडलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असल्यामुळे बारीक खडे आणि चिकट स्राव यांनी तो बंद होतो, रक्तात विषारी द्रव्ये व पोटॅशियम साठते, आणि उलट्या हे त्याचेच लक्षण असते. मूत्र पूर्ण अडल्यापासून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. घमेल्यातली माती ओली झाली आहे का, एवढेच पाहावे. ती कोरडी असेल तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवावे, आणि पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

आपल्या डब्यातली गोळी देणे

पॅरासिटामॉलने मांजर मरते. हे वाक्य मी मुद्दाम एवढे रोखठोक लिहीत आहे. हे औषध निरुपद्रवी करणारी यकृतातली यंत्रणा मांजराकडे जवळजवळ नाहीच, त्यामुळे चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घातक ठरते. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, परंतु तो लवकर मिळाला तरच उपयोगी. आयबुप्रोफेनही तितकेच वर्ज्य. औषधाच्या दुकानातून माणसांची उलटी थांबवणारी गोळी आणून देण्यात आणखी एक धोका असा, की आतड्यात काही अडकलेले असताना काही औषधांनी आतड्याची हालचाल वाढते आणि इजा वाढते.

विषबाधेचा संशय असेल तेव्हा मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हाही असाच घातक उपाय आहे. रक्तातले मिठाचे प्रमाण वाढून मांजराला झटके येऊ शकतात. आपल्या सीमाभागात विषे हाताशी असतात. उसाच्या आणि भाजीच्या शेतातली कीटकनाशके, गोदामातली उंदराची औषधे, निपाणी भागात वखारीतली तंबाखू आणि घरातली मिश्री, हे सारे मांजराच्या अंगाला लागते आणि चाटताना पोटात जाते. तंबाखूने अल्पावधीत लाळ, उलटी व थरथर सुरू होते. उंदरांसाठीच्या काळपट झिंक फॉस्फाइड पुडीने पोटात विषारी वायू तयार होतो, म्हणून अशा मांजराला खायला घालू नये आणि ते गाडीत ओकले तर काचा उघडाव्यात, कारण तो वायू माणसालाही बाधतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात फुलणारी कळलावी आणि अंगणातली कण्हेर याही विषारीच. विषाचे वेष्टन किंवा पानाचा तुकडा सोबत न्यावा.

उलटी थांबली म्हणजे बरे झाले असे मानणे

लग्नसमारंभातून आणलेल्या पुष्पगुच्छातली लिलीची मोठी फुले मांजरासाठी अत्यंत विषारी आहेत. पाकळी, पान, अंगावर सांडून चाटले गेलेले परागकण, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा पुरते. (आपला निशिगंध या वर्गातला नाही.) मांजर काही तासांत ओकते, मग ओकणे थांबते आणि घरचे निर्धास्त होतात, त्याच वेळी मूत्रपिंडे निकामी होत असतात आणि एक ते तीन दिवसांत ते उघड होते. खाल्ल्यापासून पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू झाले तर वाचण्याची आशा बरीच असते. म्हणून अशी फुले चघळलेली दिसली तर लक्षणांची वाट पाहू नये.

म्हाताऱ्या मांजराची फसवणूक याहून संथ असते. आठवड्यातून एकदा ओकणे, जास्त पाणी पिणे, हळूहळू वजन उतरणे, किंवा भरपूर खाऊनही हाडे दिसू लागणे, यांमागे मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉईड असू शकतो. रक्ततपासणीने ते कळते. महिन्यातून एकदा मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करून आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

निघण्याची तयारी नसणे

तालुक्यातले सरकारी जनावरांचे दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतात आणि डॉक्टर अनेकदा खेड्यांत फेरीवर असतात. म्हणून आधी फोन करून मांजराला सलाईन लावतात का, एक्स-रेची सोय आहे का, हे विचारावे. नाही म्हटले तर निपाणीकरांनी कोल्हापूर आणि खानापूरकरांनी बेळगाव गाठावे, वेळ दवडू नये. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर संकोच करण्याचे कारण नाही. वांती हा शब्द दोन्ही भाषांत आहे. ‘बेक्कु वांती माडाकत्तैती, ऊटा माडिल्ल’ एवढे म्हटले तरी मांजर ओकते आहे आणि जेवलेले नाही, हे कळते. त्यांचा पहिला प्रश्न ‘एष्टु सल?’, म्हणजे किती वेळा, असा असेल. म्हणून उलट्यांच्या वेळा, शेवटचे खाणे आणि शेवटची लघवी कागदावर लिहून न्यावी.

मांजर पोत्यात घालून दुचाकीवर नेऊ नये. पोत्यात ते ओकले तर ओकारी श्वासात जाऊन गुदमरते आणि आपल्याला कळतही नाही. फळांची प्लास्टिकची जाळीदार पेटी, तळाशी जुने लुगडे आणि वर घट्ट बांधलेली दुसरी पेटी, एवढ्याने काम होते.

परत आल्यावरची एक चूक राहिली. ओकलेली जागा आपण काळ्या फिनाईलने पुसतो. फिनाईल मांजराला विषारी आहे आणि ओल्या फरशीवरून ते पंजांवाटे तोंडात जाते. लस न टोचलेल्या पिल्लाला उलट्या, ताप आणि जुलाब झाले असतील तर तो पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा संसर्गजन्य रोग असू शकतो. त्याचे विषाणू घरात वर्षभर टिकतात आणि साध्या फिनाईलने जातीलच असे नाही. जागा आधी साबणाने धुवावी, एक भाग ब्लीच बत्तीस भाग पाण्यात मिसळून त्यावर दहा मिनिटे राहू द्यावे, मग साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे आणि तोवर मांजरांना दुसऱ्या खोलीत ठेवावे. नवे पिल्लू आणायचे असेल तर लसी आधी पूर्ण कराव्यात. पहिली पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर आणि पुढच्या दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा होईपर्यंत.