देवबाग संगमावरून सूर्यास्ताची बोटफेरी: दिवस, वेळ आणि जागा कशी निवडावी

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणारा रस्ता संपतो तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भोगवे, त्याच्या दक्षिणेला किल्ले निवती. संध्याकाळच्या शेअरिंग बोटी या मुखातून बाहेर पडतात, भोगव्याच्या लांबलचक किनाऱ्याला धरून निवतीच्या सोनेरी खडकांपर्यंत जातात आणि सूर्य बुडाला की त्याच मुखातून आत येतात. बहुतेक पर्यटक सूर्यास्त किती वाजता एवढेच विचारून येतात. इथला माणूस त्याआधी पाणी किती वाजता, म्हणजे भरती कधी, ते विचारतो, कारण मुख दोनदा ओलांडायचे असते आणि दुसऱ्या वेळी उजेड उतरलेला असतो.

आधी तिथी बघा

मुखाशी वाळू साचते आणि दर पावसाळ्यानंतर तिची जागा थोडीफार सरकते. ओहोटीला पाणी उथळ झाले की लाट नेमकी त्या वाळूवर फुटते. नदीचे पाणी बाहेर ओढत असते, समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडले की लाट आखूड आणि उभी होते आणि बोट तिच्यावर आपटते. भरतीच्या वेळी हीच जागा इतकी शांत असते की मुख कधी ओलांडले ते कळतही नाही.

भरतीचा अंदाज कोकणात तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. मालवणकडे भरती थोडी आधी लागते, म्हणून अर्धा-पाऊण तास वजा धरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि रोज हे चक्र सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करावी.

आता हे संध्याकाळला लावून बघा. अमावास्या-पौर्णिमेला भरती सकाळी अकराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास. तेव्हा उधाणाचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरते. थोडक्यात, सूर्यास्ताची बोट निघते तेव्हाच मुख सर्वांत उथळ असते. उलट सप्तमी ते एकादशी या दिवसांत भरती संध्याकाळी येते, आणि भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीचे, दिवस असल्याने ओढही कमी असते. बाहेर पडताना पुरेसे पाणी, परत येतानाही पुरेसे. लहान मुले, वयस्कर माणसे किंवा पाठीचे दुखणे असलेले कोणी बरोबर असेल तर सुट्टी याच तिथींना जुळवा.

पौर्णिमेची एक ओढ मात्र आम्हीही मानतो. पश्चिमेला सूर्य बुडत असतानाच पूर्वेला, देवबागच्या माडांमागून चंद्र वर येतो आणि बोटीतून दोन्ही एकाच वेळी दिसतात. त्यासाठी जायचे असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीतली, समुद्र निवांत असलेली पौर्णिमा निवडा आणि तांडेल, म्हणजे बोटीचा चालक, “आज मुखाबाहेर नको” म्हणाला तर खाडीतल्या फेरीवर समाधान माना. चंद्र खाडीतूनही तितकाच छान दिसतो.

महिना आणि वारा

मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रातले जलपर्यटन बंद असते. सप्टेंबरमध्ये परवानगी असली तरी लाट अजून पावसाळी असते. ऑक्टोबरच्या मध्यापासून मुख स्थिरावते. पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतलेली, आकाशात थोडे ढग, म्हणून रंगांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले. जानेवारी-फेब्रुवारीत क्षितिजावर धुरकट पट्टा असतो, त्यात सूर्य पाण्याला टेकण्याआधीच पाच-दहा मिनिटे विरून जातो. फेब्रुवारीनंतर दुपारचा वायव्येचा खारा वारा जोर धरतो. तो एक-दोनच्या सुमारास सुरू होतो, चार-पाचपर्यंत चढतो आणि सूर्य कलल्यावर ओसरतो. एप्रिल-मेमध्ये आणखी एक धोका असतो: आकाश स्वच्छ, वारा मामुली, तरी लांबवर उठलेल्या लाटा किनाऱ्यावर येऊन आदळतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे देते. निघण्याच्या दिवशी ते बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाचा इशारा, लागला असेल तर पुढे कोणाला काही विचारायची गरज उरत नाही.

मालवण परिसरात सूर्यास्ताच्या वेळा साधारण अशा: ऑक्टोबरच्या मध्यात ६:१५, नोव्हेंबरच्या मध्यात ६:०५, डिसेंबरच्या मध्यात ६:१०, जानेवारीच्या मध्यात ६:२५, फेब्रुवारीच्या मध्यात ६:४०, एप्रिलच्या मध्यात ६:५० आणि मेच्या मध्यात ७:००.

बोट ठरवताना

शेअरिंगमध्ये माणशी पैसे घेतात आणि बोट भरली की सोडतात. सगळा गोंधळ या ‘भरली की’मध्येच आहे. आठ माणसे जमेपर्यंत थांबायचे म्हणून बोट अर्धा तास उशिरा निघते आणि सूर्यास्त मुखाच्या आतच होऊन जातो. म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. किती वाजता बोट सुटेल, घड्याळातली वेळ. माणसे कमी जमली तर काय: उरलेल्या सीटचे पैसे वाटून द्यायचे की फेरी रद्द होऊन पैसे परत. आणि बोट कुठपर्यंत जाणार: नुसते संगमाबाहेर, भोगव्यापर्यंत की निवतीच्या खडकांपर्यंत. संगम ते निवती हे अंतर साधारण पाच-सहा किलोमीटर आहे, त्यामुळे तासाभरात निवतीही आणि निवांत थांबणेही होत नाही. निवतीसाठी दीड तास धरा.

‘डॉल्फिन नक्की दाखवतो’ असे कोणी म्हणाले तर त्यावर बोट निवडू नका. या किनाऱ्याजवळ डॉल्फिन आहेत, पण त्यांच्यासाठी सकाळचे सपाट पाणी बरे. संध्याकाळी लाटांच्या चकाकीत पाठीवरचा काळा पर ओळखू येत नाही. दिसलेच तर बोट दूर ठेवून इंजिन मंद करायला सांगा. पाठलाग केला की कळप बुडी मारून लांब निघून जातो.

चढण्याआधी बोट बघून घ्या. तांडेलाला राग येत नाही, चांगल्या तांडेलाला तर बरेच वाटते. बाजूला नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या रंगवलेली हवी. तेवढ्या संख्येवर एकही माणूस जास्त नको. लाइफ जॅकेटे बाकाखाली कोंबलेली नकोत, अंगात हवीत. पट्टे आवळून खांद्यापाशी धरून वर ओढून बघा: जॅकेट हनुवटीवर आले तर ते सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मुलांच्याच मापाचे जॅकेट लागते. ते नसेल तर दुसरी बोट घ्या. शिवाय नांगर आणि दोर, वल्ही, पाणी उपसायचे भांडे, चालू स्थितीतला पांढरा दिवा, आणि तांडेलाच्या मनगटाला अडकवायची इंजिनाची लाल दोरी. तो हिसक्याने बाहेर फेकला गेला तर या दोरीमुळे इंजिन बंद होते, नाहीतर चालकाविना बोट गोल फिरत राहते. २४ मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्या दिवसाची आठवण या गावांत अजून आहे, आणि जॅकेटाचा आग्रह धरणाऱ्याला इथे कोणी हसत नाही.

सगळ्यात कामाचा प्रश्न चढण्याआधी विचारा: “मुखात पाणी कसा आसा?” दिवसभर ये-जा करणारा तांडेल याचे उत्तर चार वाक्यांत देतो. जो “काय नाय, सगळा ठीक” एवढ्यावर उडवतो, त्याला परतीच्या वेळी पाणी किती असेल हेही विचारून बघा.

वेळेचा हिशेब

सूर्यास्त ६:१५ चा धरला तर ४:४५ ला किनाऱ्यावर, ५:०० ला बोटीत, ६:०० ला थांबायच्या जागी. ही पंधरा मिनिटे सोडू नका. भोगव्यापलीकडचे जांभ्याचे कडे आणि निवतीचे खडक पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यांच्यावर रंग चढतो तो सूर्य बुडण्याआधीच. सूर्याची कड पाण्याला टेकली की तो दोन-सव्वादोन मिनिटांत संपतो. त्यानंतर बावीस-तेवीस मिनिटेच कामापुरता उजेड असतो. निवतीहून मुखापर्यंत यायला पंधरा मिनिटांहून जास्त लागत असतील तर सूर्यास्त निवतीला बघू नका. खडक आधी बघून घ्या, मग परत फिरून संगमापासून दहा मिनिटांच्या आत असलेल्या जागी थांबा. मुख ओलांडताना तांडेलाला फुटणारी लाट डोळ्यांनी दिसली पाहिजे.

रंग सगळ्यात गडद होतात ते सूर्य बुडल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. ते खाडीत आल्यावर बघा. मुखाच्या आत, त्सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या बेटाजवळ पाणी आरशासारखे असते, आकाशाचा रंग पाण्यात उतरतो आणि बोट हलत नसल्याने फोटोही तिथेच स्थिर येतात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि मेमध्ये देवबागचा रस्ता तुंबतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, वळून जायला पर्याय नाही. मालवण ते संगम हे बारा-तेरा किलोमीटर तेव्हा तासाभरानेही संपत नाहीत.

कुठे बसावे, काय घालावे

बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यातून बोटीत चढावे लागते. जीन्स ओली झाली की तासभर पायाला चिकटून राहते. आखूड पँट आणि मागे पट्टा असलेली सँडल बरी. स्लीपर पहिल्याच लाटेला वाहून जाते. किल्ली, पाकीट आणि फोन तोंड घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकाची जागा सगळ्यांना हवी असते आणि सर्वांत जास्त आदळते तीच. पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी मधल्या भागात, जरा मागे बसावे. गर्भवतींनी मुखाबाहेर जाऊच नये. खाडीची फेरी घ्यावी. अगदी मागे इंजिनाशेजारी पेट्रोलचा वास येतो, मळमळ होणाऱ्यांनी ती जागा टाळावी. निवतीकडे जाताना सूर्य उजव्या हाताला, परतताना डाव्या. वारा वायव्येचा असल्याने जाताना तो मागून येतो आणि बोट मऊ चालते. परतताना समोरून येतो आणि पाणी अंगावर उडते. कॅमेरा बोट फिरायच्या आत पिशवीत गेला पाहिजे.

बोट लागण्याचे खरे कारण वेगळेच असते. चालत्या बोटीत फारसे कोणाला काही होत नाही. सूर्यास्ताला इंजिन बंद केले की बोट लाटेला आडवी होते आणि दोन्ही कुशींवर डुलू लागते, तेव्हा पोटात ढवळते. तांडेलाला इंजिन मंद चालू ठेवून नाळ लाटेकडे धरायला सांगा, फरक लगेच जाणवतो. नजर फोनवर न ठेवता क्षितिजावर ठेवा. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर, डॉक्टरांना विचारून. दुपारी तीनला सुरमईचे भरपेट ताट जेवून पाचच्या बोटीत बसू नका. दीडच्या आत जेवा, मग हवे तर आले चघळा.

पाण्यावर

मुख ओलांडताना जाताना आणि येताना सगळ्यांनी बसून राहायचे, एक हात बाकाला. सूर्य टेकला की सगळे एकदम एका बाजूला सरकतात, तेव्हाही बोट कलते. तांडेलाला बोट वळवायला सांगितले की दोन्ही बाजूंना दिसते. फोटो घेताना फोनच्या पडद्यावर सूर्याच्या जागी हाताचे बोट ठेवून प्रकाश खाली ओढा. सलग पाच-सहा फोटो घ्या, त्यांतल्या एखाद्यात क्षितिज सरळ येतेच.

संध्याकाळी मच्छीमार जाळी टाकतात. पाण्यावर रांगेने दिसणारे तरंगते फ्लोट किंवा किनाऱ्यावर ओढत असलेली रापण, म्हणजे मोठे जाळे, दिसली की बोट लांबून वळते, त्यात दहा मिनिटे जातात. घाई करू नका. जाळे पंख्यात अडकले तर बोट तिथेच थांबते आणि ज्याचे जाळे फाटले त्याचा दिवस वाया जातो.

दक्षिणेकडे अंधारात दिव्याची उघडझाप दिसू लागली तर तो वेंगुर्ला रॉक्सवरचा दीपस्तंभ. तो ठळक दिसायला लागला आणि तुम्ही अजून मुखाबाहेर असाल, तर उशीर झाला आहे. इंजिन बंद पडले तर प्रथम नांगर टाकला जातो की नाही ते बघा, कारण वारा बोटीला किनाऱ्यावरच्या फुटणाऱ्या लाटांकडे ढकलत असतो. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

उतरताना बोट वाळूला लागली की लगेच उठू नका. मागून येणारी लाट तिला आणखी एकदा पुढे ढकलते आणि उभा असलेला माणूस बाकावर पडतो. खलाशी उडी मारून बोट धरेल, हाक देईल, मग किनाऱ्याकडच्या बाजूने एकेक करून उतरा. समुद्राकडच्या बाजूने नको, बोट तुमच्यावर कलू शकते. जॅकेट वाळूवर पाय टेकल्यावरच सोडा.