पावसाआधी जुन्या गाडीचं पोट रंगवताना

काम फेब्रुवारीत काढा, फार तर मार्चअखेर उरका. किनाऱ्यालगत एप्रिलपासून हवा चिकट व्हायला लागते, मे महिन्यात वळवाची सर सांगून येत नाही, आणि जून उजाडल्यावर रंगाचा डबा उघडण्यात काही अर्थ नाही. इथला हिशेब मारुती ८००चा धरला आहे. कोकणात नि गोव्यात त्या अजून चालत्या आहेत, आणि त्यांना वेगळी चासी नाही. खालचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा, तो कुजला की बदलायला दुसरं काही नसतं. जीप किंवा जिप्सी असेल तर चासी खरवडण्याचं काम वाढतं, बाकी क्रम हाच.

ब्रश, थिनर, चिंध्या, हातमोजे कुणालाही सुचतात. सुचत नाही ते असं: गाडी वर उचलली की सगळ्यात आधी निचऱ्याची भोकं शोधा, मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. दाराखालची लांब पोकळ पेटी, जिला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, तिच्या तळाला ही भोकं असतात. दारांच्या खालच्या कडेला असतात. डिकीच्या तळाला, क्रॉस मेंबरांना म्हणजे खालच्या आडव्या पोकळ पट्ट्यांना असतात. काचेखालच्या जाळीतून आत गेलेलं पाणी पुढच्या मडगार्डच्या मागे उतरतं, तिथेही वाट असते. काही भोकं बोट जाईल एवढी गोल, पण रनिंग बोर्डची पुष्कळदा भोकासारखी दिसतच नाहीत. खालच्या कडेला दोन पत्रे एकमेकांवर दाबून स्पॉट वेल्डिंग केलेले असतात, त्या शिवणीत मध्येच एक पत्रा नखाच्या जाडीइतका उचललेला दिसेल. ही फट वेल्डिंगची चूक नाही, बुजवायची तर अजिबात नाही. पेटीत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

रंगाने किंवा सीलरने (शिवणी बुजवायच्या चिकट लेपाने) ही वाट बंद झाली तर पेटीत पाणी तुंबतं, किनाऱ्यावर त्यात मीठही असतं, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरचा काळा रंग तोवर चकचकीत राहतो. दोन पावसाळ्यांनी जॅक लावला की पेटी चेपते, तेव्हा कळतं. न रंगवलेली गाडी याहून जास्त टिकली असती. म्हणून कागद. डावीकडे किती, उजवीकडे किती, दारांना किती. काम संपल्यावर तेवढीच उघडी सापडली पाहिजेत.

यातही एक गल्लत होते. तळाच्या पत्र्याला मोठी गोल भोकं असतात आणि त्यांत रबरी बुचं बसवलेली असतात. ती कारखान्यात रंगाच्या टाकीतून बॉडी बाहेर काढल्यावर रंग निथळण्यासाठी ठेवलेली. ती बंदच हवीत, नाहीतर चाकाने उडवलेलं पाणी कार्पेटखाली शिरतं. नियम सोपा: कंपनीने बूच बसवलेलं भोक बुचासकट, कंपनीने उघडं ठेवलेलं भोक उघडं. बूच कडक झालं असेल, चिरलं असेल तर नवं घ्या, जुनंच सीलरने चिकटवत बसू नका.

गाडी उचलणं. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, मिनिटभरासाठीही नाही. जॅक स्टँड चार लागतील, सपाट सिमेंटच्या कोब्यावर. अंगणात जांभ्याचे चिरे हाताशी असतात म्हणून ते रचून त्यावर गाडी ठेवतात. चिरा वरून भक्कम दिसतो आणि कडेला भार आला की ढासळतो. पोकळ सिमेंट ब्लॉकही नको. रनिंग बोर्ड मऊ झाला असेल तर तिथे स्टँड लावू नका, पुढे सस्पेन्शनच्या मजबूत भागाखाली आणि मागे ॲक्सलखाली लावा. गॅरेजचा खड्डा मिळाला तर सोयीचं, पण पेट्रोलची आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात बसून राहते. खड्ड्यात ग्राइंडर चालवायचा तर पेट्रोलचा पाइप गळत नाही ना ते आधी बघा आणि थिनरचा डबा वरच ठेवा.

चाकं, मडफ्लॅप, चाकावरची प्लास्टिकची अस्तरं काढा. आतली कार्पेटही काढा. गंज कित्येकदा वरून, भिजलेल्या कार्पेटखालून आलेला असतो, आणि खालून कितीही रंग दिला तरी तो थांबत नाही.

धुणं. प्रेशर पंपाने आधी नुसतं पाणी. चाकाच्या कमानीच्या वरच्या वळणात, टाकीच्या वर, मागच्या ॲक्सलला धरणाऱ्या दांड्या (आर्म) जिथे बॉडीला जोडल्यात तिथे लाल मातीचे लगदे बसलेले असतात. ते काडीने उकरून काढल्याशिवाय पाणी पोचत नाही. तेलकट भागाला रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशने घासा, मग साबणाच्या पावडरीचं गरम पाणी, मग पुन्हा साधं पाणी. साबणाची पायरी वगळली तर रॉकेलचा तेलकट थर राहतो आणि प्रायमर सोलून निघतो. पेट्रोलने धुवायचं नाही. पाणी कुठलं आहे हेही बघा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने मीठ धुतलं जात नाही, वर आणखी लागतं. चव घेऊन बघा, शंका आली तर नळाचं पाणी आणा. गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं मीठ एका धुण्यात जात नाही. धुवा, सुकू द्या, पुन्हा धुवा. हे पाणी विहिरीकडे किंवा माडांच्या आळ्यात सोडू नका.

धुताना निचऱ्याच्या भोकांत तार फिरवा. माती सुटून गढूळ पाणी गळायला लागेल, ते स्वच्छ होईपर्यंत थांबा. एखाद्या भोकातून काहीच आलं नाही तर ते भोक मोकळं आहे असं समजू नका, ते आतून भरलेलं आहे.

मग दोन दिवस कडक उन्हात, दारं उघडी ठेवून. शिवणींत कॉम्प्रेसरची हवा मारा. घाई इथेच होते आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं.

खरवडताना पत्री (खरवडायची चपटी पट्टी), तारेचा ब्रश आणि चार इंची ग्राइंडरवर कप ब्रश. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, कप ब्रशवर छापलेला आकडा त्याहून जास्त हवा. कमी असेल तर तारा सुटून उडतात, आणि तुमचं तोंड बरोबर खाली असतं. पूर्ण बंद गॉगल आणि मास्क लागेलच. कंपनीचा जुना जाड थर जिथे घट्ट चिकटलेला आहे तिथे तो काढू नका. जिथे कड उचलली आहे, फुगा आहे, तिथे घट्ट पत्रा लागेपर्यंत मागे खरवडत जा. फुग्याखाली गंज असतोच. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) जपून, पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटर आहे, गंजाने आधीच खाल्लाय, डिस्क उरलेला खाईल. ब्रेकच्या धातूच्या पाइपांवर ग्राइंडर चालवायचा नाही. ते हाताने, चिंधीने पुसा. क्लिपांखाली खड्डे दिसले तर पाइप बदला, रंगवू नका. ज्या गाड्यांचा चासी नंबर खाली चासीवर ठोकलेला असतो तिथे ग्राइंडरही नको आणि जाड रंगही नको. १५ वर्षांनंतर नोंदणी वाढवायला गाडी आरटीओत दाखवावी लागते, नंबर वाचता आला नाही तर तिथेच अडकाल.

आता बोथट स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि रनिंग बोर्डची टोकं, जॅक पॉइंट, पायाखालचा पत्रा, मागच्या आर्मची जोडणी ठोकून बघा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला दबका वाजतो. आरपार गेलं तर कापून नवा पत्रा घाला. फायबर, लांबी (पुट्टी), सीलर यांनी भोक झाकलं जातं, ताकद येत नाही. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंगच (गॅस आणि बारीक तारेचं), साध्या रॉडने तो जळतो. वेल्डरला आधीच बजावा की रनिंग बोर्डवर ठिगळ मारताना शिवणीतली फट सोडायची. तो सवयीने सबंध कड शिवून टाकतो. नव्या पत्र्याला सर्वात खालच्या जागी ८ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडा, कार्पेट आणि आतलं डांबरी अस्तर बाजूला करा, टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवा. पाण्याची बादली भरून शेजारी.

गंज पूर्ण निघत नाही, खड्ड्यांत तळाशी काळा राहतो. तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज पक्का करणारं द्रावण, लावा, पातळ हात. पापुद्र्यांवर लावून उपयोग नाही, वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा सुटतो. फॉस्फोरिक ॲसिडचा असेल तर डब्यावर दिलेला वेळ झाल्यावर पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. ॲसिड राहिलं तर वर येणाऱ्या एपॉक्सी प्रायमरचा हार्डनर (त्याला घट्ट करणारा दुसऱ्या डब्यातला माल) नीट काम करत नाही, प्रायमर मऊ राहतो.

रंगाच्या आदल्या संध्याकाळी झाकाझाक: सायलेन्सर आणि त्याचा सगळा पाइप, ब्रेक डिस्क, ड्रम, ब्लीडिंगचे निपल, रबरी ब्रेक होज, ॲक्सलचे बूट, सगळे बुश, हँडब्रेकची केबल. रबराला थिनर लागला तर ते फुगतं नि चिरतं. आणि निचऱ्याची भोकं. टेप वरून चिकटवू नका, रंगाखाली ती दिसेनाशी होते आणि तशीच राहते. प्रत्येक भोकात टेपची गुंडाळी किंवा लाकडी खुंटी घाला, तिचं टोक दोन इंच बाहेर लोंबू द्या. शिवणीतल्या फटीत जाड पुठ्ठ्याची चकती. कागदावरचा आकडा आणि लोंबणारी टोकं सारखी आहेत ना, मोजा. एक कमी भरलं तर रंग सुरू करायचा नाही.

प्रायमर दोन डब्यांचा एपॉक्सी घ्या, झिंक फॉस्फेटवाला. रेड ऑक्साइड स्वस्त आणि कुठेही मिळतो, पण एकटा पाणी अडवत नाही. तो देऊन वरचा रंग नंतर बघू म्हणालात तर पहिल्याच पावसात तो ओल धरतो. ८००चं पोट सव्वातीन बाय दीड मीटरच्या आसपास, कमानी नि वळणं धरून सहा-सात चौरस मीटर. दोन हातांना दोन लिटर पुरतो. थिनर त्याच प्रायमरचा, घरी उरलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर चालत नाही. डब्यावरच्या मापानेच मिसळा, अंदाजाने नाही, आणि एका वेळी अर्धा लिटर, कारण उन्हाळ्यात मिसळलेला माल लवकर घट्ट होतो. सकाळी दहाच्या आत सुरू करू नका, पहाटेच्या दमट हवेत पत्र्याला घाम आलेला असतो. पत्र्यावरून हात फिरवून बघा. फवारा उलटा तोंडावर पडतो, दोन इंची ब्रश आणि छोटा रोलर बरा. पहिला हात ब्रशनेच, शिवणींत रेटून.

दुसऱ्या दिवशी दुसरा हात. मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, ३१० मिलिलिटरची एक नळी, फक्त वरच्या शिवणींना. खालच्या कडेला नाही, तिथे निचऱ्याची फट आहे, सीलरची नळी हातात असली की बोट आपोआप तिकडे जातं.

वरचा रंग काळा एपॉक्सी, दोन हात. उन्हात एपॉक्सी पांढुरकी पडते, पोटाला ऊन लागत नाही. कमानींना, जिथे खडी लागते, रबराचं अंडरकोटिंग. डांबरी कोटिंग घ्यायचंच असेल तर प्रायमरवर, गंजावर कधीच नाही. वाळल्यावर ते तडकतं आणि तडीतून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही.

रंगाचा शेवटचा हात अर्धा ओला असतानाच खुंट्या फिरवून काढा. सगळ्या. मोजा. पूर्ण वाळल्यावर भोकांतून लांब नळीने पेट्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ्यांत मारायचं गंजरोधक मेण) मारा, एक दिवस निथळू द्या, आणि मग प्रत्येक भोकात पुन्हा तार फिरवा, वॅक्सही भोक बुजवतं. शेवटी दाराच्या काचेच्या पट्टीतून अर्धा लिटर पाणी ओता आणि खालून गळतंय का बघा. पेट्यांचंही तसंच.

टेप, कागद काढा, बुचं बसवा, अस्तरं, चाकं. नट आडवे-उभे घट्ट. ब्रेक दाबून बघा. आठवडाभर प्रेशर पंप नाही, समुद्रकिनाऱ्यावर नेणं नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर तार घेऊन भोकं पुन्हा एकदा. पाऊस संपला की साध्या पाण्याने खालून धुवा आणि जिथे खडीने टवका उडाला असेल तिथे उरलेला प्रायमर लावा. त्यासाठी दोन्ही डब्यांची झाकणं घट्ट बसवून डबे सावलीत ठेवा, आणि हार्डनरच्या डब्यात बुडवलेली काडी प्रायमरच्या डब्यात घालू नका.