ऑस्ट्रियाच्या नावाचं मूळ कसं शोधायचं

देशाच्या नावाचा शोध इंग्रजी रूपापासून सुरू केला की हमखास फसगत होते. लॅटिनमध्ये 'आउस्टर' म्हणजे दक्षिणेचा वारा. ऑस्ट्रेलिया त्याच शब्दावरून आलं, म्हणून ऑस्ट्रियाही दक्षिणेचा असावा असं वाटतं. तसं नाही.

आधी सख्ख्या, म्हणजे एकाच जर्मॅनिक कुळातल्या भाषांतली रूपं एकाखाली एक लिहा, तीही स्पेलिंगप्रमाणे, कारण उच्चार लवकर झिजतो. जर्मन ओस्टर-राइख, डच ओस्टन-रैक, स्वीडिश ओस्टर-रिके, डॅनिश ओस्ट-रिग, आइसलँडिक औस्तुर-रीकी. सांधा लगेच दिसतो. पहिला भाग 'पूर्व', दुसरा 'राज्य, मुलूख'.

पण दिसण्यावर विसंबू नका, व्यंजनं तपासा. दुसऱ्या भागात क्रमाने ख, क, क, ग, क येतात. आता रोजचे शब्द याच क्रमाने लावा. पुस्तक: बूख, बूक, बूक, बोग, बोक. छप्पर: दाख, डाक, ताक, ताग, थाक. तीच ओळ पुन्हा आली, म्हणजे साम्य योगायोगाचं नाही. जर्मनमध्ये स्वरानंतरचा जुना क घासून ख झाला, डॅनिशमध्ये मऊ होऊन ग. एकाच शब्दावर निकाल देऊ नका, निदान दोन तरी जुळायला हवेत. इंग्रजीत हा दुसरा भाग 'रिक' होऊन फक्त 'बिशपरिक' (बिशपचा इलाखा) यासारख्या शब्दात अडकून राहिलाय.

मागे गेलं तर पहिला भाग संस्कृत 'उषस्'चा नातलग निघतो आणि दुसरा 'राजन्'चा. मात्र दुसरा जर्मॅनिकने केल्टिककडून, म्हणजे आयरिश-वेल्शच्या कुळाकडून, उसना घेतलाय. खूण दीर्घ ई. या कुळांच्या सामाईक मूळ भाषेतल्या दीर्घ ए चा ई केल्टिकमध्ये होतो, जर्मॅनिकमध्ये नाही.

ध्वनिनियम फक्त नातं सांगतात, वय नाही. त्यासाठी कागद लागतो. सम्राट तिसरा ओटो याच्या 1 नोव्हेंबर 996 च्या दानपत्रात, लोकभाषेत 'ओस्टारिखी' म्हणतात त्या प्रदेशातली जमीन बव्हेरियातल्या फ्रायझिंगच्या बिशपला दिली आहे. पण तारखेबरोबर अर्थही तपासा. नवव्या शतकात जर्मन कवी ओटफ्रिड हाच शब्द पूर्व फ्रँकिश राज्यासाठी (ज्यातून पुढे जर्मनी घडला) वापरतो, तेव्हा तो दाखला या देशाचा धरता येत नाही. 996 मध्येही हे साम्राज्य वगैरे नव्हतं, बव्हेरियाच्या पूर्वेचा सरहद्दीचा मुलूख होता. 'राइख' दिसला की 'साम्राज्य' लिहून टाकायची सवय इथेच नडते.

लॅटिन 'ऑस्ट्रिया' हे रूप 1147 च्या कागदात येतं. तेही जर्मॅनिक 'पूर्व'लाच लॅटिन शेपूट जोडून झालंय. दक्षिणेच्या वाऱ्याचा संबंध नाही.